यादीत नसलेला काटा

"यादीत अकरा आहेत, सर. अकरा. आणि डिरेक्टरीत बारा."

"मग परत मोज."

"तीनदा मोजले."

"चौथ्यांदा मोज. हात झिजतात का तुझे?"

"हात नाही, डोकं झिजतंय." उर्वीनं खुर्ची मागं ढकलली, चाकं फरशीवर करकरली. "हे बारावं कुणाचं, एवढंच सांगा. धड नावसुद्धा नाही त्याला. 'सर्व्हिस बारा'. हे काय नाव झालं?"

"जुनं काहीतरी असेल. सोडून दे."

"सोडून कसं देऊ? काल दुपारी दोन वाजता त्याचाही पासवर्ड बदललाय."

गंगाधर गुरव सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत होते. पुसायचे थांबले.

"तू फक्त यादीतले बदलणार होतीस."

"मी प्रोग्रॅमला अख्खा फोल्डर लावून दिला होता. त्यात जे सापडेल ते बदल, असं. ऑडिटवाल्यांचं म्हणणंच तसं होतं."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं की! 'सर, यादी पूर्ण आहे ना?' म्हटलं. तुम्ही याच खुर्चीत बसून म्हणालात, 'व्हय, पूर्ण.'"

गुरवसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं एप्रिलअखेरचं ऊन होतं आणि खाली सायकलींची रांग. पाहण्यासारखं काही नव्हतं.

टॉवेलांच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग म्हणजे ही दोन माणसं. एकाला बावीस वर्षं झालेली, दुसरीला आठ महिने. डिरेक्टरी म्हणजे सर्व्हरवरची हजेरीवही. कारखान्यात कॉम्प्युटरला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड तिच्यात. पण तिच्यात काही नावं माणसांची नसतात. गेटवरचं हजेरीचं मशीन, पॅकिंगमधला लेबलांचा प्रिंटर, रंगखात्यातला कॉम्प्युटर, यांनाही सर्व्हरशी बोलायला आपापलं नाव लागतं. ती सर्व्हिस अकाउंटं. पासवर्ड त्यांनाही असतो, आणि तोही ठरल्या मुदतीनं बदलावा लागतो, दोन ठिकाणी: एकदा डिरेक्टरीत आणि एकदा त्या मशीनच्या पोटात. एकीकडे बदलला आणि दुसरीकडे राहिला, की मशीन जुनी किल्ली घेऊन दारात उभं. पाचदा चुकीची किल्ली फिरवली की सर्व्हर आतून कडी घालतो.

डिरेक्टरीतलं काम जागेवर बसून व्हायचं. मशीनच्या पोटातलं काम गुरवसाहेब चालत जाऊन करत. दर नव्वद दिवसांनी, हातात काही न घेता, एकेका मशीनपाशी.

चालत जायची रीत घरातलीच. त्यांचे वडील माढ्याला महादेवाच्या देवळात गुरव होते. रोज सकाळी बेलाची टोपली घेऊन घरोघर फिरायचे. बेल द्यायचा, उंबऱ्यावर टेकायचं, "काय म्हणतंय गुडघ्याचं दुखणं?" विचारायचं, पदरात पडेल ती ज्वारी घेऊन पुढच्या दारात. पण बेल नसताना बाप कधी कुणाच्या दारात गेला नव्हता. गंगाधरनं एकदा विचारलं होतं, "आज टोपली रिकामी हाय, तर नुसतंच जाऊन यावं की." बाप म्हणाला होता, "नुसतं कसं जायाचं? काय म्हनून जायाचं?"

लेक टोपलीऐवजी पासवर्ड घेऊन फिरला. मशीनपाशी जायचं, बसायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं, "आज डब्यात काय?" किंवा, "पोरीचं ठरलं का?" जे उत्तर येईल त्यातूनच नवा पासवर्ड बनायचा, मध्ये एखादं चिन्ह, एखादी तारीख. गेटवरच्या जोतीरामच्या मुलीचं लग्न ज्या गावात झालं ते गाव तीन महिने हजेरीच्या मशीनच्या पोटात होतं. जोतीरामला त्याचा पत्ता नव्हता. साहेबांनी एकही पासवर्ड कधी कागदावर लिहिला नाही, तोंडानं उच्चारला नाही. सगळे आठवत मात्र. भवानी पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत ते हल्ली एकटेच असत. बायको प्रभा चार वर्षांपूर्वी नातू झाला म्हणून मुलाकडे, राजसकडे पुण्याला गेली, ती तिकडचीच झाली. रोज आठ वाजता तिचा फोन येई.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"होतं काहीतरी."

"बरं. ठेवू?"

मग ते खाटेवर पडून जुने पासवर्ड आठवत बसत. जोतीरामच्या मुलीचं सासर, पॅकिंगमधल्या पायलचं मोडलेलं लग्न, रंगखात्यातल्या सिदूनं घेतलेली म्हैस.

आठ महिन्यांपूर्वी उर्वी आली. हुशार, तोंडाळ, कामाला वाघ. तिनं एक प्रोग्रॅम बसवला. तो एपीआयला हाक मारतो. एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला काम सांगायची खिडकी. त्या खिडकीतून डिरेक्टरीतला पासवर्डही बदलतो आणि मशीनच्या पोटातलाही. बत्तीस अक्षरं, दर तीस दिवसांनी, आपोआप.

"आणि तो असतो काय?" गुरवसाहेबांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"कुणालाच माहीत नसतं. तोच तर फायदा आहे, सर. तुमचे पासवर्ड सगळे अंदाज लावता येण्यासारखे."

"बावीस वर्षांत कुणी लावला नाही."

"कारण कुणाला गरज नव्हती!"

बरोबर होतं तिचं. त्यांनी वाद घातला नाही. या सोमवारी सही करून आपले सगळे अधिकार तिच्या प्रोग्रॅमला देऊन टाकले आणि मशीनांची यादी दिली. अकरा मशीनांची. बारावं मनाशी ठेवलं. यादीत नाही त्याला कुणी हात लावणार नाही. तेवढं एक आपण हातानं बदलत राहू, असा त्यांचा हिशेब. तो कॉम्प्युटर जुना आहे, लांबून सांगितलेलं ऐकत नाही, असं स्वतःला समजावलंही होतं.

"सर, ऐकताय ना?" उर्वी म्हणाली. "काल दोनपासून कुठलंतरी मशीन दर अर्ध्या मिनिटाला जुना पासवर्ड घेऊन येतंय. कुठं आहे ते?"

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सुताच्या गोदामाचे सुपरवायझर, उदयसिंह. त्यांचा आवाज फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येई.

"ओ गुरवसाहेब, काट्याचा कॉम्प्युटर कालपासनं रुसून बसलाय. सुताच्या दोन गाड्या दारात उब्या हायत. वजन चढंना, माल आत घेता यीना."

"येतो मी."

"येऊन काय करताय? मला कळलंय काय झालंय ते. ईरम्माबाईनं काल कॉम्प्युटरवर वल्लं फडकं मारलं. डोळ्यानं बघितलंय मी. लई हौस तिला पुसापुशीची. आजपासनं तिला चिंध्यांच्या शेडात धाडतोय."

"उदयसिंह, मी येईपर्यंत कुणाला हलवू नका."

"जेवणाच्या सुट्टीपत्तर थांबतो. फुडं न्हाय."

फोन ठेवला तेव्हा उर्वी त्यांच्याकडेच बघत होती.

"काटा," ती म्हणाली. "सर, बारावं ते आहे का?"

"बघून येतो," ते म्हणाले.

गोदाम यंत्रमागांच्या शेडच्या पलीकडं. शेडमधून जाताना कानात खडखडाट भरतो, आणि गोदामात शिरलं की सुताच्या पोत्यांच्या भिंती तो निम्मा गिळून टाकतात. आत दिवसभर काट्याशी एकटी ईरम्मा. अक्कलकोटच्याही पुढच्या खेड्यातली, साठीला टेकलेली. मराठी बोलते, पण या-बसा कानडीतूनच निघतं. आज ती खुर्चीत नव्हती. दोन्ही हात पदराखाली घेऊन भिंतीला लागून उभी होती. आता कशालाही हात लावायचा नाही, असं ठरवल्यासारखी.

"बर्री, साहेब. कुंद्री." तिनं पायानंच स्टूल पुढं सरकवलं. "तुमचा दिवस अजून यायचाय न्हवं?"

भिंतीवर कॅलेंडर होतं. पुढच्या महिन्याचं पान वर दुमडून पिनेनं अडकवलेलं, आणि अठरा तारखेभोवती पोत्यांवर खुणा करायच्या निळ्या खडूचं वेटोळं.

"हे काय?" गुरवसाहेबांनी विचारलं.

"तुमी येनार तो दिवस. अजून बावीस दिस हायत. मी मोजून ठेवते."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं. गोदामात कोन येतंय, साहेब? गाडीवाले येत्यात, ते बोलत न्हाईत. उदयसिंह येत्यात, ते वरडत्यात." ती थांबली. "फडकं कोरडं होतं. शपत. कायबी केलं न्हाई मी."

"ठाऊक आहे मला."

"चिंध्याच्या शेडात जायाचं काय वाटत न्हाई. पर चौदा वरसं काट्यावर बसले, एक पोतं चुकलं न्हाई. आता म्हनतील, म्हातारीनं मिशन मोडलं."

ते स्टुलावर बसले आणि त्यांनी कीबोर्ड ओढला. पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती: पासवर्ड चुकीचा. सोमवारपर्यंत त्यांनी हे कुणाला न सांगता निस्तरलं असतं. आता अधिकार नव्हते. दार उघडायचं तर उर्वीनं, आणि उर्वीला सांगायचं म्हणजे हे मशीन तिच्या अकरांत जाऊन बसणार. दारात ट्रकवाल्यानं हॉर्न दाबून धरला. ईरम्मा दचकली आणि पुन्हा म्हणाली, "कोरडं होतं, साहेब."

त्यांनी खिशातून मोबाइल काढून फोन लावला. खडखडाटात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला.

"उर्वी, बारावं ते काट्याचंच."

"मला वाटलंच. सर, त्याला नवा पासवर्ड पोचवायची सोयच केलेली नाही मी. जोडायला संध्याकाळ होईल. तोवर त्या कॉम्प्युटरला जो जुना माहीत आहे तो सांगा. तोच डिरेक्टरीत परत लावते, कडी काढते, दोन मिनिटांत सुरू होईल."

"फोनवर सांगू?"

"मग काय चिठ्ठी पाठवताय? संध्याकाळी बदलणारच आहे तो."

बावीस वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते त्यांनी फोनजवळ वाकून सांगितलं.

"पुंडीपल्या."

"काय?"

"पुंडीपल्या गं. अंबाडीची भाजी. पी मोठा. मग अ‍ॅट. मग सतरा. मग कडक, के मोठा."

"कडक?"

"कडक भाकरी."

ईरम्माचे हात पदराबाहेर आले. "अगंबाई! सतरा तारीक. ते माझं जेवान. त्या दिवशी तुमाला दिलेलं." तिनं कॉम्प्युटरकडं पाहिलं. "मिशनला कसं ठावं?"

"मीच सांगितलं होतं."

"आन त्याच्या आदी?"

"शेंगापोळी. दिवाळीतली उरलेली."

"त्याच्या आदी?"

"नागपंचमीचे कडबू."

"म्हंजे चौदा वरसं मी काय रांधलं ते समदं ह्या डब्यात?" ती हसायला लागली, पदर तोंडाशी धरून, खांदे हलेपर्यंत. "मला वाटायचं, साहेब भुकेले येत्यात!"

काट्याच्या पडद्यावर हिरवं शून्य उगवलं. ईरम्मानं हसत हसतच काट्यावर पोतं ढकललं. शून्याचा आकडा झाला आणि आकडा सर्व्हरवर चढला.

हॉर्न थांबला म्हणून उदयसिंह आत आले. "झालं व्हय? काय निगालं? पानी गेलं हुतं न्हवं?"

"फडक्याचा काही संबंध नाही. चूक माझी. यादीत काट्याचं नाव मी दिलं नव्हतं."

"इसरला जणू. हुतंय वयोमानानं."

"विसरलो नव्हतो."

उदयसिंहांनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. त्यातलं काही उदयसिंहांच्या ध्यानात आलं नाही.

"आणि ईरम्माबाई इथंच बसतील," गुरवसाहेब म्हणाले.

"मिशन चालू झाल्यावर कुटं धाडू तिला? अवो, लावा रं गाडी!" म्हणत ते दाराकडं गेले.

काट्याच्या टेबलावर ठेवलेला मोबाइल अजून चालूच होता. "सर," उर्वीचा आवाज आला, भांडण विसरलेला, समजुतीचा. "संध्याकाळी मी हेही जोडून टाकते. मग झालं. त्या गोदामात परत कुणाला जायलाच नको."

गुरवसाहेबांनी फोन बंद करून खिशात टाकला. ईरम्माचं दुसरं पोतं काट्याच्या कडेशी येऊन थांबलं होतं. ती कॅलेंडरकडं बघत होती.

"कुनाला जायला नको म्हंजे? तुमीबी?"

त्यांनी स्टूल उचललं आणि पोत्यांच्या कडेला, जिथं ते एरवी असायचं, तिथं नेऊन ठेवलं.

"नुसतं येवा की, साहेब. पासवर्ड नसला म्हनून काय झालं?"

त्यांनी खिसे चाचपले. फोन, चष्म्याची डबी, किल्ल्या. सगळं होतं.

"अठराला मी काय करून आनू?" ती मागून म्हणाली. "साहेब? कडबू करू?"

दारात सुताची गाडी मागं येत होती. तिला वाट देत ते बाजूनं बाहेर पडले आणि उन्हातून ऑफिसकडं चालू लागले.