घमेल्याखालचा दिवा

आधी एक सांगून टाकते, आमचे बाबा भित्रे होते. लोक त्यांना छातीचा माणूस समजायचे, कारण बांगलादेशच्या लढाईच्या दिवसांत ते दंडाला पट्टी बांधून, डोक्यावर पत्र्याची टोपी घालून वस्तीभर फिरायचे. घरात आम्हाला खरं ठाऊक होतं. शिट्टी गळ्यात अडकवून ते दारापर्यंत जायचे आणि परत आत यायचे. आई म्हणायची, "येवढं भेव वाटते तर जाता काऊन?"

"मी का हौसेनं जाऊन राह्यलो? आवाजापाई पकडलं मले," बाबा म्हणायचे.

ते खोटं नव्हतं. बाबा सावली गावाकडचे, वैनगंगेवर मासे धरणाऱ्या घरातले. त्यांनी या काठावरून हाक मारली की त्या काठावरचा माणूस मान वळवायचा. पुढे चंद्रपुरात कोळसाखाणीत कामाला लागले, तरी गळा नदीचाच राहिला. साहेबलोकांना प्रत्येक वस्तीत भोंगे बसवणं जमलं नसेल, म्हणून त्यांनी आमच्या वस्तीसाठी बाबांचा गळा घेतला आणि त्यांना स्वयंसेवक केलं. दिवेलागणीला शहराचा भोंगा वाजला की गल्लीगल्लीतून ओरडत जायचं, "दिवे इझवा". कोणाच्या दारातून उजेड दिसला तर आत शिरून तो बंद करायचा. आणि काखेत रेतीचं घमेलं, बॉम्ब पडून आग लागली तर टाकायला. घमेलंभर रेती आणि बॉम्ब! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

काही जण हसायचे. "इथवर कुठचं विमान येते बावा, वाटेतच त्याचं तेल संपन." दुसरे म्हणायचे, कोळसा इथी हाय, म्हणून इथीच टाकतील. मला दुसऱ्यांचंच खरं वाटायचं. खाणीचा पाळीचा भोंगा त्या दिवसांत बंद ठेवला होता. त्यामुळे भोंगा वाजला म्हणजे विमान आलं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. मी आईच्या लुगड्यात तोंड खुपसून बसायची आणि बाहेर बाबांचा आवाज ऐकत राहायची. आवाज येतोय तोवर बाबा जिवंत आहेत. गल्लीच्या टोकाला तो बारीक व्हायचा तेव्हा माझी बोबडी वळायची.

आमच्या आणि शेजारच्या घरात फक्त कुडाची भिंत होती. इकडे शिंकलं की तिकडून "शंभर वर्षं जग" ऐकू यायचं. त्या घरातला माणूस बाबांबरोबरच खाणीत होता. लढाई चालू असताना तो तापानं गेला. मागे बायको एकटी राहिली, लेकरूबाळ नव्हतं.

आमच्याकडे माणूस ज्या जागी जीव सोडतो त्याच जागी दहा दिवस दिवा ठेवतात. भोवती पीठ पसरायचं, वर बांबूची टोपली पालथी घालायची. तो दिवा जागचा हलवायचा नाही आणि विझू द्यायचा नाही. त्याच्या उजेडात गेलेल्याला पुढची वाट दिसते म्हणतात. खरं की खोटं ते मला विचारू नका, मी काही जाऊन आलेली नाही. पण आमच्यात तो दिवा विझला असं नुसतं बोललं तरी बायका कानावर हात ठेवतात.

त्या संध्याकाळी भोंगा वाजला, वस्ती अंधारली, आणि शेजारच्या टोपलीच्या विणीतून बारीक बारीक उजेड भिंतीवर सांडत राहिला. तो कुडाच्या फटींतून आमच्याकडेही येत होता. आई कुजबुजली, "आता हे त्या घरात जातीन."

बाबा त्या घरात शिरले. भिंतीपलीकडचं सगळं आम्हाला ऐकू आलं.

"बाई, दिवा इझवा लागते."

"भाऊ, हा त्यायचा दिवा हाय."

"मले मालूम हाय. पण वरून दिसते म्हणतेत. एका दिव्यापाई सारी वस्ती जाईन. भोंगा झाला का पुन्हा लावजो ना."

ती रडली नाही, भांडलीही नाही. तिनं फक्त विचारलं, "तोवर त्यायले वाट कशी दिसन?"

आभाळात काहीतरी घरघरल्यासारखं झालं. ते काय होतं कोण जाणे, ट्रकही असेल. पण मी आईला बिलगले, आणि बाबांनाही ते विमानच वाटलं असणार, कारण पुढच्याच क्षणी आमच्या फटींतला उजेड गेला. त्यांनी वात चिमटीत धरून विझवली होती. घरी आले तेव्हा बोटांना काजळी होती. आईनं पाणी पुढं केलं, तर हात न धुताच बसून राहिले.

विमान आलंच नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. लढाई संपली, पट्टी आणि टोपी परत गेली, घमेलं तेवढं आमच्याकडे राहिलं. दिवस झाल्यावर शेजारीण पोंभुर्ण्याला माहेरी निघून गेली. जाताना आमच्या दाराशी आली, आईशी बोलली, बाबांकडे पाहून मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर एका दुपारी मी परसात गेले तर बाबा मातीत उकिडवे बसलेले. समोर पणती पेटवलेली, आणि तिच्यावर ते घमेलं पालथं घालत होते. थोडं थांबायचे, उचलून बघायचे. पणती विझलेली असायची. पुन्हा पेटवायचे. मग त्यांनी कौलाचे दोन तुकडे आणले, घमेल्याच्या काठाखाली एका बाजूला टेकवले. तेवढ्या फटीतून वारा आत गेला. बऱ्याच वेळानं उचललं तर ज्योत जशीच्या तशी. फट भिंतीकडे केली तर बाहेर उजेडाचं नावही नव्हतं.

बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "घमेलं माह्या काखेत होतं. रेती ओतून झाकून टाकलं असतं. येवढंच कराचं होतं." आणि नदीच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाणारा तो माणूस अगदी हळू रडायला लागला. मी भिऊन आईकडे पळाले.

घमेलं नंतर खिळ्याला टांगलेलं असायचं. त्यात कोणी मासे साफ करायचे नाहीत, माती कालवायची नाही. आई कुरकुरायची, "देवळातली घंटा हाय जशी." बाबा पोंभुर्ण्याला कधी गेले नाहीत. एकदा तिकडे नात्यातलं लग्न होतं, नवं धोतर नेसून बसमध्ये बसलेही, आणि बस स्टँडातून निघायच्या आत उतरून घरी आले. पोट दुखते म्हणाले. मी तेव्हा मोठी झाले होते. पोट कुठलं दुखतंय ते मला कळत होतं.

आई गेली, बाबा ते घमेलं घेऊन माझ्याकडे राहायला आले, आणि इथंही ते खिळ्याला टांगलं. म्हातारपणी भीती वाढली. वस्तीचे दिवे घालवणारा माणूस आता बल्ब लावून झोपायचा. वीज गेली की लहान पोरासारखी हाक मारायचा. शेवटी त्यांनी खाट ओसरीवर हलवून घेतली, कारण समोरच्या खांबावरच्या दिव्याचा उजेड तिथं पडायचा. थंडीतसुद्धा आत यायचे नाहीत. एकदा माझा हात घट्ट धरून म्हणाले, "माहा दिवा इझू देजो नोको, बाई. मी दुसऱ्याचा इझवला, माहाही कोनीतरी इझवन." मी चिडले. म्हटलं, "काहीच्या बाही बोलू नका."

बाबा त्या ओसरीवरच गेले. म्हणून दिवाही ओसरीवर, रस्त्यावरून सरळ दिसेल असा. आणि नशीब बघा. ते दिवस नेमके पुन्हा लढाईचे, टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ तेच. मोबाईलवर निरोप फिरला, आज दिवेलागणीला सराव आहे, भोंगा वाजेल, सगळ्यांनी उजेड बंद करायचा.

मुलगा म्हणाला, "आई, खरं काही नाई. दोन मिनिटं इझव, मग पुन्हा लाव."

तेच शब्द. त्याला काय माहीत! मी त्याच्यावर अशी खेकसले की तो आत जाऊन बसला.

भोंगा वाजला. इतक्या वर्षांनी तोच भोंगा, आणि मी म्हातारी बाई ओसरीवर गुडघ्यांत तोंड घालून बसले. एकेक घर काळं झालं. खांबाचा दिवाही गेला. आमची टोपली तेवढी चमकत राहिली. फाटकापाशी शिट्टी वाजली. दंडाला पट्टी बांधलेली एक बाई आत आली, माझ्या सुनेच्या वयाची असेल.

"काकू, उजेड दिसून राह्यला," ती म्हणाली. टोपली, पीठ, फोटोचा हार, सगळं तिला दिसलं आणि ती तिथंच थबकली. तीही आमच्याकडचीच होती.

"हात लावू नको," मी म्हटलं. उठले. खिळ्यावरचं घमेलं काढलं, कौलाचे तुकडे सकाळीच शोधून ठेवले होते. टोपली बाजूला केली, घमेलं तुकड्यांवर टेकवून पालथं घातलं, फट भिंतीकडे केली. काळोख झाला. बाई बाहेर गेली नाही, माझ्याजवळ खाली बसली.

आता मला काहीच दिसत नव्हतं. वात नीट बसली असेल का, तेल पुरेल का, वारा जात असेल का. उचलून बघावं तर उजेड बाहेर, न बघावं तर जीव जातोय. बाबांनी अख्खं आयुष्य या क्षणाची धास्ती घेतली होती, आणि आता तो माझ्या हातात येऊन पडला होता.

"काकू, इझला तर नाई ना?" बाईनं हळूच विचारलं.

मी घमेल्याच्या बुडावर तळहात ठेवला. लोखंड गार होतं. मी हात तसाच ठेवला. मग ते कोमट झालं. मग गरम झालं. मग चटका बसायला लागला.

"बाबा," मी म्हटलं, "दिसून राह्यली ना वाट?"

भोंगा संपेपर्यंत मी हात काढला नाही.