सतरा बायकांची शुगर

हा किस्सा मी आपणहून कुणाला सांगत नाही. तशी गरजच पडत नाही म्हणा. आष्टीपासून बीडपर्यंत आमच्या खात्यात तो सगळ्यांना पाठ आहे. पण त्यांच्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. निदान माझी बाजू तरी कळेल. बाजू म्हणजे काय, चूक माझीच होती. पण ती झाली कशी, ते तरी नीट कळू द्या.

मी नर्स. डोंगरपट्ट्यातल्या एका उपकेंद्रात माझी अकरा वर्षं गेली. शुगर आणि थायरॉईड हे माझे हातखंडा विषय. शुगरची गोळी जेवणाबरोबर. थायरॉईडची पहाटे उपाशी पोटी, नुसत्या पाण्यासोबत, आणि पुढं अर्धा तास तरी चहाच्या कपाकडे बघायचं सुद्धा नाही. हे मी गावाकडून इतकं घोकून घेतलं होतं, की सकाळी कुणी चहाला नको म्हणालं तर समोरचा लगेच विचारायचा, "कावून, थायरॉईड हाय का?"

आता सांगा, असल्या बाईच्या हातून चूक होईल का? झाली ना! आणि तीही एकदम सतरा जणींची!

त्या साली पावसानं आमच्याकडं पाठच फिरवली होती. टँकर चार दिवसांआड, तोही आला तर आला. पण सीताफळाचं झाड लई चिवट हो. खडकात उभं, पाण्याचा पत्ता नाही, तरी फळ धरतं आणि वर गोड. गावातल्या अठरा बायकांनी मिळून एक सहकारी संस्था काढली होती. फळ फोडायचं, बिया काढायच्या, गर पिशव्यांत भरून मोठ्या फ्रीजरात ठेवायचा. पुण्याच्या एका आइस्क्रीमवाल्याची पहिली ऑर्डर मिळालेली. शनिवारी त्याची गाडी येणार. गर तयार असला तर संस्था टिकणार, नसला तर दिवाळीनंतर ह्याच बायका कोयता घेऊन ऊसतोडीला जाणार. मुकादमाच्या चकरा सुरू झाल्याच होत्या.

गुरुवारी दुपारी चेअरमन सुशीलाकाकूंचा निरोप आला. "बायका दिवसभर गोडात बसल्यात, एकदा शुगर बघून जावा." काकू माझ्या जुन्या थायरॉईडच्या पेशंट, त्यामुळं त्यांचा शब्द मोडवत नाही. मी शुगरचं मशीन घेतलं, रजिस्टर घेतलं आणि निघाले.

शेडमध्ये गेले तर सगळीकडं सीताफळाचा घमघमाट. सगळ्याजणी पोत्यावर ओळीनं बसून फटाफट फळं फोडतायत. एकटी मंगल तेवढी कोपऱ्यात वजनकाट्यावर उभी. पिशव्या मोजायच्या आणि वहीत लिहायचं, हे तिचं काम. मला बघून बायकांनी आधी दोन पिकलेली सीताफळं हातात दिली. मी खाल्ली. नको कशाला म्हणू?

मग कामाला लागले. "काकू, आधी हात धुवायला पाणी लागंल."

"सिस्टर, ड्रममंदी चार घागरी उरल्यात, त्या फळाला लागत्यात. तुमचं ते स्पिरिट न्हाई का?"

"आहे की," मी म्हणाले, "असू द्या, भागवू त्याच्यावर."

इथंच मी बुडाले! साबणानं हात धुवायचे, कोरडे करायचे, मगच बोट टोचायचं. हा नियम मी स्वतः नव्या पोरींना शिकवते. पण चार घागरींकडं बघून माझा जीव द्रवला. म्हटलं, स्पिरिटनं जंतू मरतात, अजून काय पाहिजे?

पहिलं बोट काकूंचं. स्पिरिटचा बोळा एकदा फिरवला, टोचलं, थेंब पट्टीला लावला. चारशे बारा!

"काकू, कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून?"

दुसरी, तीनशे नव्वद. तिसरी, चारशे चाळीस. चौथीच्या बोटाला कापसाचा बोळा चक्क चिकटून बसला. मला वाटलं, बिचारीला घाम फुटलाय. सहावी झाली, दहावी झाली, सगळ्या चारशेच्या आसपास. सतराव्या बाईपर्यंत मी पुरती धास्तावले होते. पण खोटं कशाला बोलू, आतून थोडा अभिमान पण वाटत होता. एका दुपारी सतरा नवे पेशंट शोधणारी नर्स अख्ख्या जिल्ह्यात दुसरी कोण असंल?

अठरावी मंगल. तिची आली दोनशे सेहेचाळीस. एरवी हा आकडा बघून मी ताडकन उभी राहिले असते. पण सतरा चारशे बघितल्यावर दोनशे सेहेचाळीस कसा दिसतो सांगू? देवासारखा! मी तिची पाठ थोपटली.

"शाबास मंगल! तू एकटी पास! काय खातीस गं?"

"भाकर, चटणी. दुसरं काय असतंय?"

"गोड?"

"गोड न्हाई. च्या तेवढा."

"किती?"

"मोजला न्हाई. सात-आठ कप होत आसंल. साखर जरा मोकळ्या हातानं घालते मी."

शहाण्या माणसानं इथं तरी थांबावं की नाही? मी थांबले नाही. मी चार सेकंद विचार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "बघा! ही दिवसभर काट्यावर उभी असती, म्हणून हिची साखर पायात जिरती! तुमी बसून काम करता. आजपासून मंगलसारखं राहा. ती खाईल तसं खा, ती उठंल तशा उठा!"

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं होतं, ते विचारू नका. बायका मात्र एकदम उठून उभ्या राहिल्या आणि मंगलकडं बघायला लागल्या. मंगल लाजली बिचारी. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आदर्श म्हणत होतं.

मग मी पुढचा हुकूम सोडला. "काकू, काम बंद. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय कुणी फळाला हात लावायचा नाही. हा गर अंगात भिनतोय."

काकूंचा चेहरा पांढरा पडला. "बंद? आवो, दीडशे क्रेट पिकून बसल्यात! फळ थांबतंय व्हय? उद्या सकाळी लगदा हुईल त्याचा. परवा गाडीत काय भरू, माती?"

"काकू, फळ मोठं का जीव मोठा?"

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. दोघी-तिघी रडायला लागल्या. एक जण म्हणाली, "बरं झालं, मुकादमाला नाही म्हणलं न्हवतं." मला लई वाईट वाटलं. पण नर्सनं अशा वेळी कठोर व्हावं लागतं, असं मी स्वतःला सांगत होते.

तेवढ्यात मंगल म्हणाली, "सिस्टर, सीताफळ तर तुमी बी खाल्लं की. तुमची बघा ना एकदा."

"बघते की. मला काय धाड भरलीय?" मी हसत हसत स्वतःचं बोट टोचलं.

चारशे छत्तीस!

अहो, आकडा बघून मी रिकाम्या क्रेटवर बसले. सगळा दिमाख एका सेकंदात उतरला. आता बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. कुणी पाठ चोळतंय, कुणी वहीनं वारा घालतंय. मी तशा अवस्थेत नवऱ्याला फोन लावला.

"अहो, माझी शुगर चारशे छत्तीस आलीय."

"बरं. मग?"

"मग काय मग! उद्यापासून पोरीचा डबा तुम्हालाच करायचाय. तिला भेंडी आवडत नाही. आणि शेजारणीची परात परत द्या."

एवढं सगळं ऐकून मग हा माणूस काय विचारतो? "म्हणजे संध्याकाळी तू जेवायला नाहीस का?"

मी फोन ठेवला. मंगलनं मला चहा आणून दिला. "बिनसाखरेचा हाय," ती हळूच म्हणाली. "तुमाला आता ह्योच." स्वतःच्या कपात मात्र तिनं तीन चमचे घातले. आदर्शच ना ती!

एवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. गफूरचाचा. फळांचे व्यापारी, डोंगरातल्या वस्त्यांवरून सीताफळ गोळा करून संस्थेला आणून द्यायचे. आत आले तर सगळ्या बायका रडतायत आणि मधोमध मी.

"या खुदा! कोन गेलं?"

काकूंनी सगळं सांगितलं. सतरा जणींची चारशे, सिस्टरची पण चारशे, काम बंद. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याजवळ आले, माझा उजवा हात उचलून नाकाजवळ नेला आणि वास घेतला.

"सिस्टर, हात धुतलते का?"

"स्पिरिट लावलं की."

चाचा खदखदून हसायला लागले. "आवो, मला वीस साल झाले शुगर हाय. घरी मशीन हाय. आंब्याच्या सीझनला माझी पन पाचशे आलती. बायकोनं रडून मोहल्ला गोळा केलता. डाक्टर म्हनला, चाचा, ही तुमची शुगर न्हाई, आंब्याची हाय! बोटाला रस लागला की मशीन तोच मोजतंय. स्पिरिटनं काय हुतंय त्याला? साबन-पानी पायजे."

सगळ्याजणी आपापली बोटं एकमेकांवर चोळून बघायला लागल्या. मी माझ्या बोटांकडं बघितलं. चिकट, अगदी चिकट! अकरा वर्षांची नोकरी माझ्या त्या बोटाला चिकटून बसली होती.

"पण पाणी?" काकूंनी विचारलं.

चाचांनी टेम्पोतला स्वतःचा प्यायच्या पाण्याचा कॅन आणला. अर्धाच होता. "आख्खा हात कशाला धुताव? तपासायला एकच बोट लागतंय."

आणि मग तो सोहळा झाला. सतरा बायका एक एक बोट पुढं करून रांगेत उभ्या. चाचा चिमूटभर धार सोडणार, मी त्या एका बोटाला साबण लावून चोळणार, पुन्हा धार, मग स्वच्छ फडक्यानं पुसणार. नव्या नवरीच्या बोटाची एवढी सरबराई होत नाही!

काकू, एकशे तीन. दुसरी, शहाण्णव. तिसरी, एकशे अकरा. प्रत्येक आकड्याला बायका ओरडत होत्या. माझी आली अठ्ठ्याण्णव. मी नवऱ्याला लगेच मेसेज केला की जेवायला आहे. काकू रडत रडत हसल्या. "सिस्टर, शुगरनं न्हाई मेले, पर तुमी मारलं आसतं की मला!" आणि लगेच ओरडल्या, "बसा गं बायांनो, फळं वाट बघत्यात!" फटाफट आवाज पुन्हा सुरू झाला. सांगून टाकते, शनिवारची गाडी भरून गेली.

मी मशीन पिशवीत भरत होते. मंगल आली आणि बोट पुढं केलं. "माझं बी धुवा की. सगळ्यांचं धुतलं."

"अगं, तू तर पासच आहेस."

"असू द्या. तेवढाच मान."

धुतलं. टोचलं. दोनशे एक्कावन्न.

मी पुन्हा धुतलं, यावेळी दोनदा, आणि दुसरं बोट टोचलं. दोनशे अठ्ठेचाळीस. मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. काट्यावर उभी राहणाऱ्या मंगलनं दिवसभर फळाला हात लावलाच नव्हता. अठरा जणींत खरा आकडा एकटीचाच आला होता, आणि मी तिची पाठ थोपटली होती.

"मंगल, तहान लई लागते का? लघवीला सारखं जावं लागतं?"

"हां. मला वाटलं च्यामुळं." ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "म्हंजी मी पास न्हाई?"

मला इतकी लाज वाटली, की तिच्याकडं बघवेना. नाही म्हणाले फक्त. मग तिला शेजारी बसवून सगळं समजावून सांगितलं. गोळ्यांनी आटोक्यात येतं, घाबरायचं नाही, पायाला जखम झाली तर लपवायची नाही, चहा दोन कप आणि बिनसाखरेचा. शेवटचं ऐकून तिच्या डोळ्यात पाणी आलं. बाकी सगळं तिनं निमूट ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तिला उपाशी पोटी डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्त काढलं, रिपोर्ट आला, शुगर पक्की ठरली. मंगल स्टुलावर बसलेली. डॉक्टर एका हातात तिचा रिपोर्ट धरून दुसऱ्या हातानं माझं रजिस्टर चाळत होते. एका पानावर थांबले. चष्मा वर केला, खाली केला.

"सिस्टर, इथं सतरा बायकांच्या नावापुढं सल्ल्याच्या रकान्यात तुम्ही एकच ओळ लिहिलीय. 'मंगलप्रमाणे राहावे.' ही मंगल कोण?"

मी काही बोलायच्या आत स्टुलावरून हात वर झाला. "मीच की डाक्टरसाहेब!"

डॉक्टरांनी रिपोर्टकडं बघितलं, मंगलकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. पेन उघडलं आणि अगदी गंभीरपणे मला विचारलं,

"मग सिस्टर, हिच्या कागदावर काय लिहू? 'स्वतःप्रमाणे राहू नये'?"