मी मणी म्हटलं

निवृत्त झाल्यावर मी घरात सगळ्यांना शिकवायला लागलो. सगळ्यांना म्हणजे बायकोला. दुसरं कोणी नव्हतंच. मुलगी पुण्यात. दोन वर्षांपूर्वी बँकेतली नोकरी सोडल्याचं सांगायला तिने फोन केला, तेव्हा मी तिला पाऊण तास समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून मी फोन उचलला की ती फक्त "आई आहे का?" एवढंच विचारायची. मला ते फार लागायचं.

शेवटी बायको म्हणाली, "शेजारच्या कॉलनीतल्या विहारात रविवारी सकाळी वर्ग असतो. कोणीही गेलं तरी चालतं. जा तिकडे." जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला वर्गात पाठवताना ती शांतपणे मेथी निवडत होती.

तिथे बहुतेक जण त्याच कॉलनीतले बौद्ध, एक दर्ग्याला जाणारे टेलरचाचा आणि माझ्यासारखे रोज देवपूजा करणारे दोघंतिघं. वर्ग घेणाऱ्या ताई निवृत्त नर्स. नियम एकच. शेजारचा माणूस जे बोलला ते आधी आपण त्याला परत सांगायचं. तो "हां" म्हणाला, तरच आपण बोलायचं. हा नियम चौथीच्या वर्गाला ठीक होता, असं माझं मत पडलं.

त्या महिन्याचा विषय होता राग. मी दोन पानं टिपणं काढून नेली होती. माझ्या शेजारी पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या घडांतले खराब मणी कात्रीने काढणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "सुपरवायझरचा राग आला ना, का माझ्या कात्रीनं चांगले मणीबी खाली पडतात."

मी सांगितलं, "क्रोधामुळे माणसाचा विवेक सुटतो."

"मी असं नाय म्हटलं," बाई म्हणाल्या. "मी मणी म्हटलं."

माझी पाळी गेली. पुढच्या रविवारी मी म्हणालो, "रागाच्या भरात नुकसान होतं, उदाहरणार्थ द्राक्षांचं." बाई म्हणाल्या, "उदाहरण नाय, सर. माझी कात्री." तिसऱ्या रविवारी त्यांनी ते वाक्य मला पुन्हा सावकाश सांगितलं. ढ मुलांशी मी याच आवाजात बोलायचो.

"सुपरवायझरचा राग आला की तुमच्या कात्रीने चांगले मणीही खाली पडतात," मी म्हणालो.

"हां."

तेवढ्यात वेळ संपली. टिपणं खिशातच राहिली. घरी येईपर्यंत मला मुलीच्या फोनवरचा तो पाऊण तास आठवत होता आणि लाज वाटत होती.

दोन दिवसांनी फोन वाजला.

"आई आहे का?"

"भाजी आणायला गेलीय." मग मी विचारलं, "नोकरी सोडलीस त्या दिवशी फोनवर तू काय सांगत होतीस?"

"मला ऑफिसला जायच्या आधी रोज उलटी व्हायची, पप्पा. तेच सांगत होते."

मानसिक ताण, हे शब्द जिभेवर आले होते. मी ते गिळले.

"तुला ऑफिसला जायच्या आधी रोज उलटी व्हायची."

"हां," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मग बोलायला लागली.

बायको कोथिंबीर घेऊन आली, तेव्हाही मुलगी बोलतच होती. सवयीने बायकोने फोनसाठी हात पुढे केला. मी दिला नाही.