देविकाच्या सायकलला कॅरिअर नव्हतं

माझी मुलगी देविका ट्रॅकवर सायकल चालवायची, तेव्हा मी डोळे मिटून बसायचे. गलका झाला की शेजारच्या बाईला विचारायचं, "पडली नाही ना?" ती राष्ट्रीय विजेती झाली, तेही मला त्या बाईनंच सांगितलं.

शर्यतीतल्या माणसाचा एकच वैरी, वजन. देविका पोळी हातात घेऊन तोलायची. सायकलचा एखादा स्क्रू हलका मिळाला तर घरात दिवाळी. पुढे गुडघा दुखावला, शर्यत सुटली आणि तिनं दिल्लीजवळ मानेसरला एका शेडमध्ये सायकली बनवायला घेतल्या. बायकांसाठी, रोजच्या वापराच्या.

"यार आई, आपल्या बायका लोखंडाचे गाडे ओढतात! मी त्यांना एका हातानं उचलता येईल अशी सायकल देणार."

दिलीही. संक्रांतीला आम्ही दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जातो. त्या बसमध्ये मी लेकीच्या सायकलचं इतकं कौतुक केलं, की छावणीत राहणाऱ्या जवानांच्या बायकांनी परत येईपर्यंत सायकली ठरवून टाकल्या. पार्वती त्यांतलीच. साताऱ्याकडची, नवरा सीमेवर, मुलगी भक्ती पहिलीत.

त्या सायकलला कॅरिअर नव्हतं. खर्च वाचवायला नव्हे. देविकाच्या डोक्यातच ते आलं नाही. तिच्या मागे कधी कुणी बसलं नव्हतं. मागे असायच्या त्या हरणाऱ्या मुली. पार्वतीनं बाजारातून कॅरिअर आणलं, मागच्या बारीक नळ्यांवर आवळून बसवलं आणि त्यावर भक्तीला घेऊन शाळेत सोडू लागली.

पावसाळ्यात एका सकाळी शाळेच्या फाटकासमोरच त्या बारीक नळ्यांतली एक तुटली. भक्तीचा हात मोडला.

"कॅरिअर आम्ही दिलंच नव्हतं," देविका म्हणाली. फोनवर पार्वतीला, मग मला, मग पुन्हा मला.

मी एवढंच विचारलं, "तू शाळेत कशी जायचीस गं?"

"बाबांच्या मागे. कॅरिअर..." त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं शेडचं काम थांबवलं. टेम्पो घेऊन घरोघरी जाऊन विकलेल्या सगळ्या सायकली परत आणल्या. मी बरोबर असायचे, कारण त्या मीच खपवल्या होत्या. बस भरून ज्यांना ऐकवलं, त्यांच्या दारात मला मान वर करवेना. एकजण हसत म्हणाली, "काय चॅम्पियन, आता वजन वाढवलं का थोडं? सायकलचं म्हणतेय हो!" देविकाही हसली. टेम्पोत बसल्यावर रडली.

मग तिनं जाड नळ्यांची, स्वतःच्या कॅरिअरची एक सायकल बनवली. म्हणाली, "पार्वतीनं भक्तीला हिच्यावर बसवलं, तरच पुढची बनवीन. नाहीतर शेड बंद."

पार्वतीच्या क्वार्टरखाली ती किती वेळ नुसतीच उभी होती. हरल्यावरसुद्धा ताठ चालणारी मुलगी. शेवटी मीच हाक मारली. पार्वती खाली आली, तिच्यामागे प्लास्टरमधला हात सांभाळत भक्ती.

"पार्वती, माझं चुकलं," देविका म्हणाली.

"ते मला कळलंय, ताई. ही मोडणार नाही कशावरून?"

"टेस्ट केलीय. सिमेंटची पोती ठेवून."

"पोती हलत नाहीत. काकूंना बसवा."

मी साडी सावरून बसले. राष्ट्रीय विजेतीनं पॅडल मारलं आणि सायकल सरळ नाल्याच्या दिशेनं गेली. देविकानं पाय टेकला. गॅलरीतून कुणीतरी खिदळलं.

"आई, हलू नकोस ना!"

"मी कुठे हलतेय? तूच डुगडुगतेयस."

दुसऱ्या खेपेला आम्ही गेटपर्यंत जाऊन आलो. मी तिची कंबर घट्ट धरली होती आणि या वेळी डोळे उघडे होते. तिची मान कानापर्यंत लाल झालेली मला दिसत होती.

पार्वतीनं सायकल ठेवून घेतली. भक्तीनं बऱ्या हातानं कॅरिअर चाचपून आईकडे पाहिलं.

"अजून नाही," पार्वती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती कॅरिअरवर भक्तीचं दप्तर ठेवते, सायकल हातात धरून चालते, आणि भक्ती शेजारून चालते. छावणीतल्या बायका मला हे फोनवर सांगतात. आता प्लास्टरही निघालंय.

देविकाच्या खोलीतला दिवा अजून चालू आहे. संध्याकाळी तिनं विचारलं, "काही फोन?" शेडचं कुलूप तसंच आहे, हे मलाही माहीत होतं, तरी खोटं बोलवलं नाही. आजही दप्तरच होतं.