पाचवं शील

शाळेच्या प्रार्थनेत म्हैस कशी शिरली, हे सांगताना म्हशीची शिंगं हातांनी दाखवायची काही गरज नव्हती. पण मी मराठीचा मास्तर. अभिनयाशिवाय आमच्या तोंडून वाक्य निघत नाही. उजवं शिंग दाखवलं, तिथवर ठीक होतं. डावं दाखवायला हात फिरवला आणि तो नेमका गणपतीच्या हातातल्या ट्रेवर बसला. ट्रेमध्ये चार माणसांची रम होती. ती चार पोटांत जायची, ती एकट्या गणपतीच्या सदऱ्यात गेली.

हे झालं राजारामपुरीतल्या ‘चांदबिंब परमिट रूम’मध्ये. साल त्र्याण्णव असावं. गणपती तिथला बारमन. त्यानं सदरा पिळला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “मास्तर, म्हैस परवडली.”

दुसऱ्या दिवशी रविवार. मी अंगणात दात घासत होतो. फाटकात एक ठेंगणी, सावळी बाई येऊन उभी राहिली. हातात तोच सदरा.

“म्हशीचं मास्तर तुमीच काय?”

“मीच. का हो?”

“मी शेवंता, गणपतीची मंडळी. काल ह्यांच्या अंगावर दारू तुमी सांडली म्हंत्यात. खरं हाय काय? मास्तर हायसा, खरं सांगा.”

माझ्या पाठीमागं दारात माझी बायको चहाचा कप घेऊन उभी होती. तिच्या माहितीप्रमाणे मी काल पतपेढीच्या मीटिंगला गेलो होतो. खोटं बोलावं तर त्या माणसाचा संसार धोक्यात, खरं बोलावं तर माझा. तोंडातला फेस गिळून मी म्हणालो, “खरं आहे. मीच सांडली.”

शेवंताबाईंचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. “मग ब्येस झालं! येतो मी,” म्हणाल्या आणि सदरा नाचवत निघून गेल्या. आमच्या अंगणात पुढं काय झालं ते सांगत बसत नाही. पतपेढीच्या मीटिंगा मात्र त्यानंतर फारच कमी झाल्या.

एवढं काय त्या सदऱ्यात होतं, ते पुढं गणपतीनंच कधी अर्धं, कधी पाव असं सांगितलं.

गणपती मूळचा सोडावाला. सायकलला क्रेट बांधून हॉटेलांना सोडा पोचवायचा. ‘चांदबिंब’चे मालक केरबाअण्णा तेव्हा बारमनच्या शोधात होते. त्यांचे आधीचे सगळे बारमन गिऱ्हाइकाच्या बरोबरीनं प्यायचे. शेवटच्याला तर गिऱ्हाइकंच घरी पोचवायची. अण्णांनी एकदा क्रेट उतरवणाऱ्या गणपतीला विचारलं, “काय रं, पितोस?”

“न्हाय.”

“सणासुदीला?”

“न्हाय जी.”

“मेव्हण्याच्या लग्नात?”

“मेव्हणा न्हाय मला.”

“मग ये उद्यापास्नं काउंटरला,” अण्णा म्हणाले. अशी ती नेमणूक झाली. जगात कुठं दारूवर माणूस ठेवताना ‘पीत नाही’ एवढीच लायकी बघितली असेल, तर ती त्या दिवशी.

घरी ही बातमी सांगितल्यावर शेवंताबाई चुलीपुढून उठल्याच नाहीत. त्यांचे वडील माणूस सोन्यासारखा, पण दिवस मावळला की हरवायचा. लहानग्या शेवंतानं कंदील घेऊन त्यांना शोधून आणायचं, हा घरचा रिवाज. एकदा ते ओढ्याच्या पाण्यात पालथे सापडले. तेव्हापासून तिला कंदील हातात धरवत नसे.

“जावा कामाला,” त्या तिथूनच म्हणाल्या. “पण घरात पाय टाकायच्या आदी माज्या तोंडावर ‘हा’ करायचं. रोज. आनि पुनवेला विहारात पाचवं शील असं म्हणायचं, की बायकांच्यात बसून मला ऐकू आलं पायजे.”

हिंसा नको, चोरी नको, व्यभिचार नको, खोटं नको आणि पाचवं, मद्य नको. गल्लीतल्या विहारात दर पौर्णिमेला पंचशील घेतलं जाई. गणपतीचा आवाज एरवी सुतासारखा. पहिली चार शीलं तो शेजाऱ्यालाही ऐकू जाणार नाहीत अशी म्हणायचा. पाचव्याला मात्र छाती भरून घ्यायचा आणि असा गरजायचा की पत्र्यावरची कबुतरं उडायची. बायकांच्या बाजूला शेवंताबाई मान खाली घालून हसायच्या.

गल्लीतला पिराजी त्याला डिवचायचा. “गणपा, सांजच्याला पाजतोस आनि हितं वरडतोस व्हय रं?”

“पाजतो, पीत न्हाय.”

“पाजणं बरं हाय काय?”

“बरं न्हवं. दुसरं काम बघ माज्यासाठी, उद्या सोडतो,” गणपती म्हणायचा. पिराजीला दुसरं काम कधी सापडलं नाही. त्याला स्वतःलाही सापडलेलं नव्हतं.

अशी वर्षं गेली. रोज दारात ‘हा’ व्हायचा. शेवंताबाई वास घेऊन मानेनंच ‘या’ म्हणायच्या. मुलगी दीक्षा मोठी झाली, आजऱ्याला दिली. जावई तिथं काजूच्या कारखान्यात. केरबाअण्णा गेले आणि त्यांचा मुलगा पृथ्वीराज पुण्याहून हॉटेलचं शिक्षण घेऊन आला. त्यानं आल्याआल्या ‘परमिट रूम’ ही पाटी काढली आणि ‘रेस्टॉरंट अँड बार’ लावली. आत काचेची फडताळं, गार हवा आणि मेन्यूकार्डावर कॉकटेलं आली. ‘निळी परी’, ‘वादळवारा’, ‘सांजवेळ’. गणपतीनं पहिल्यांदा ‘निळी परी’ बघितली आणि मला हळूच म्हणाला, “मास्तर, सरबतच की ह्ये. जरा वाट चुकलंय.”

या सगळ्यावर एक हेड बारमन पाहिजे होता. पृथ्वीराजनं जाहिरात दिली. पहिला उमेदवार गोव्याकडून आला. बाटली हवेत फिरवून झेलणं ही त्याची खासियत. त्यानं ती फिरवली, पण गोव्यातला पंखा उंच असावा. बाटली पंख्याला लागली आणि हॉलभर तिचा सडा झाला. दुसरा म्हणाला, “चाखल्याशिवाय मी सांगत नसतो.” त्यानं कार्डावरचं सगळं इतक्या निष्ठेनं चाखलं की दुपारी त्याला रिक्षात घालताना रिक्षावाल्याला तो पृथ्वीराजचे वडील समजत होता.

शेवटी पृथ्वीराज गणपतीपाशी आला. “मामा, घरचा माणूस सोडून मी गावभर हिंडतोय. हेड तुम्हीच व्हा.”

“मला काय येतंय त्यातलं?”

“मी शिकवतो. फक्त एक आहे. हेडनं प्रत्येक पेय चाखलं पाहिजे. जिभेवर एक थेंब, नंतर थुंकून टाका. पण चव कळलीच पाहिजे.”

“मग न्हाय,” गणपती म्हणाला आणि ग्लास पुसायला लागला. ज्या काउंटरवर बापानं त्याला पीत नाही म्हणून ठेवलं, त्याच काउंटरवर लेक म्हणत होता, चाखलंस तरच.

“बघा विचार करून,” पृथ्वीराज जाताजाता म्हणाला. “हेडची वेळ दिवसाची असते. दिवाबत्तीला घरी.”

गणपतीचा फडका ग्लासातच थांबला.

कारण त्या वर्षी शेवंताबाईंच्या काळजाची झडप बिघडली होती. आडवं पडलं की दम कोंडायचा. उठवून बसवायचं, पाठीशी वाकळ घडी करून द्यायची, छाती चोळायची, तेव्हा श्वास मार्गी लागायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, रात्री एकटं ठेवू नका. शेजारची आक्का येऊन बसायची, पण तिचंही घर होतं. आदल्याच आठवड्यात गणपती कामावरून आला तर कडी निघेना. दारापलीकडं नुसता श्वासाचा आवाज. शेवंता कडीपर्यंत पोचली होती, पण हात वर जात नव्हता. तो अलीकडून म्हणत होता, “बस खाली, बस, मी हाय.” आणि तो नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. मधे ती फळी होती.

विचारलं असतं तर शेवंताबाई ‘नको’ म्हणाल्या असत्या. म्हणून त्यानं विचारलं नाही. सोमवारी तो काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहिला. पृथ्वीराजनं ‘निळी परी’त काडी बुडवून थेंब त्याच्या जिभेवर ठेवला. गणपतीनं डोळे मिटले होते, ते मिटलेलेच राहिले.

“कडू लागतंय, मामा?”

“व्हय.”

त्या ग्लासात साखरेशिवाय फारसं काही नव्हतं.

त्यानं पाच-सहा वेळा चूळ भरली, लवंग चघळली आणि उजेडी घरी निघाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपली गल्ली उन्हात दिसली. शेवंताबाई उंबऱ्यावर लसूण सोलत होत्या.

“आवं, आज कसं काय? बरं न्हाय काय?”

“दिवसपाळी मिळाली. हेड केलंय मला.”

“कशानं?”

त्या धरून धरून उठल्या, सवयीनं तोंड पुढं केलं. गणपती दारात उभा, ओठ घट्ट. सबंध जन्मात ‘हा’ करायला त्याला एवढा वेळ कधी लागला नव्हता. शेवटी त्यानं तोंड उघडायला घेतलं, तोच शेवंताबाईंनी आपला लसणीचा हात त्याच्या तोंडावर ठेवला.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या. “जेवाय बसा.”

त्यानंतर ‘हा’ कधी झाला नाही.

पौर्णिमेला विहारात गणपतीनं चार शीलं म्हटली आणि पाचव्याला तो थांबला. कबुतरं जागची हलली नाहीत. परत येताना शेवंताबाईंनी विचारलं, “गळा बसलाय काय?”

“न्हाय.”

“मग?”

“चौथं नुकतंच म्हटलं न्हवं? खोटं बोलायचं न्हाय म्हणून.”

पुढच्या पौर्णिमेला गणपती थांबला, तेव्हा बायकांच्या बाजूनं पाचवं शील असं उठलं की सगळ्यांनी माना वळवल्या. शेवंताबाई खांबाला धरून म्हणत होत्या. दोन शब्द झाले की श्वास, पुन्हा दोन शब्द. सगळ्यांचं संपलं, तरी त्यांचं चालूच होतं. लोक थांबले. शेवटचा शब्द संपल्यावर त्या मटकन खाली बसल्या. बाहेर गणपती रागावला, “एवढं वरडायचं काय कारण हुतं?”

“दोगांचं म्हटलं,” त्या म्हणाल्या. “येळ लागतोय की.”

एक हिवाळा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा, एवढ्या संध्याकाळी त्यांना मिळाल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांनी ते दोघं पहिल्यांदाच दिवे लागताना एकत्र असायचे. गणपती भाकरी थापायला शिकला. त्याच्या भाकरीचा नकाशा बघून शेवंताबाई म्हणायच्या, “हेड बारमन, ह्यो कुठला जिल्हा केलासा?” आणि हसता हसता दम लागला की तो पिठाच्या हातानंच पाठ चोळायचा. सगळ्या लुगड्यांच्या पाठीवर पांढरे पंजे. आक्का म्हणायची, “बाई, तुज्या पाठीला भूत लागलंय.” शेवंताबाई म्हणायच्या, “लागू दे. चांगलं हाय.”

दिवाळीच्या अलीकडं एका संध्याकाळी त्या वाकळेला टेकून बसल्या होत्या. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता.

“किती वाजलं?”

“दिवाबत्तीची येळ झाली.”

“मग तुमी घरातच हायसा,” त्या म्हणाल्या, आणि डोकं त्याच्या खांद्याला लावलं. दिवा लावायला उठावं, तर डोकं उचलावं लागेल, म्हणून गणपती उठला नाही. अंधार पडला तरी उठला नाही. आक्का बत्ती घेऊन आली तेव्हा कळलं.

सगळं उरकल्यावर तो पृथ्वीराजकडं गेला. “मला रातपाळीला घ्या. हेडला दुसरा माणूस बघा.”

“मामा, लोक वर चढतात, तुम्ही खाली उतरताय.”

“घरातली संध्याकाळ लई मोठी झालीया, बाळ.”

पृथ्वीराजनं पुन्हा जाहिरात दिली. साताऱ्याचा एक तरुण हेड म्हणून आला, कार्डावरचं सगळं तोच चाखू लागला. गणपती जुन्या जागी, जुन्या वेळेला उभा राहिला. पेग, सोडा, बर्फ. थेंबाचा संबंध उरला नाही. माझ्या टेबलाकडं येताना तो ट्रे अजूनही दुसऱ्या हातात घ्यायचा.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला दीक्षा आजऱ्याहून आली होती. तिनं बोलावलं म्हणून मीही विहारात गेलो, मागं उभा राहिलो. पुरुषांच्या बाजूला गणपती मुलाबाळांच्या मधे मांडी घालून बसला होता. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं, त्याचे ओठ हलत होते. पाचवं आलं. ओठ मिटले. भोवतीच्या आवाजांत त्याची एकट्याची जागा कोरी राहिली, आणि तो बायकांच्या बाजूच्या त्या खांबाकडं बघत होता.

बाहेर पायताणांच्या ढिगाऱ्यात आम्ही शेजारी आलो. मास्तर माणूस, गप्प बसवेना.

“गणपतराव, चाखणं सुटलं. आता चौथंही मोडत नाही. पाचवं म्हणायला आता काय हरकत आहे?”

त्यानं वाकून आपलं पायताण ओढलं, पायात घातलं, अंगठा नीट बसवला.

“ऐकणार कोन?”