कुसुमताईंचा गुरुवार

कुसुमताई गेल्याचं हैदराबादच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाचलं, तेव्हा मी कुकटपल्लीला ऑफिसात होते. चिक्कडपल्लीच्या घरी, दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. महिना होऊन गेला... पण त्यांची आठवण निघाली की आधी हसूच येतं.

पुण्याहून नोकरीसाठी इथे आले, तेव्हा मंडळाच्या गणपतीला मी नुसती जेवायला गेले होते. "बसून काय करतीस? वाढ की," म्हणत एका बाईंनी माझ्या हातात मसालेभाताचं पातेलं दिलं. त्याच कुसुमताई. पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकाच वाक्यात मराठी, दख्खनी आणि तेलुगू बोलणाऱ्या. उदगीर-नांदेडकडची पुष्कळ माणसं उपचारांसाठी इथे येतात आणि भाषेपाशी अडतात. त्यांच्या सोबतीला मंडळाचे स्वयंसेवक आळीपाळीने दवाखान्यात बसतात. गुरुवार कुसुमताईंचा. मग मला न विचारताच तो माझाही झाला.

एका गुरुवारी उदगीरचे मारुतीराव भेटले. बायकोचं, रुक्मिणबाईंचं, हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. नर्स बाहेर येऊन "परवालेदु, परवालेदु" म्हणाली आणि घाईने आत गेली. मारुतीराव मटकन खालीच बसले.

"परवापर्यंत भेटू देणार नाहीत म्हणं. म्हणजे कायतरी बिघडलंय बघा, ताई..."

दुखरे गुडघे सांभाळत कुसुमताई त्यांच्याशेजारी फरशीवर टेकल्या. "अहो, परवालेदु म्हणजे तेलुगूत 'ठीक आहे, काळजी नको.' बायको सुखरूप आहे तुमची."

मारुतीरावांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. पुढच्या गुरुवारी हे ऐकून रुक्मिणबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "त्यांना मराठी तरी कुठं धड ऐकू येतंय? हसवू नका बाई, टाके दुखतात."

परतताना बसमध्ये मी विचारलं होतं, "दर आठवड्याला दमत नाही का हो?"

"हौ, दमते की. घरी टीव्ही बघूनही दमतेच ना... पण या दमण्याने झोप छान लागते."

त्यांच्यामागे गुरुवारचं कसं होणार, याची मंडळात सगळ्यांना काळजी होती. त्या गेल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी मी अर्धी रजा टाकून दवाखान्यात पोचले, तर कुसुमताईंची सून आधीच एका आजोबांना औषधांच्या दुकानाकडे नेत होती. थोड्या वेळाने अफझलगंजहून ताईंची एक जुनी विद्यार्थिनी आली, जेवणाचा भरलेला डबा घेऊन. कोणीच कोणाला सांगितलं नव्हतं.

दारावरचा वॉचमन आमच्याकडे बघत राहिला. "एक अम्मा के बदले तीन तीन?"

"हौ भय्या," सून म्हणाली, "तरी कमीच पडतोय."

आणि आणलेली औषधं सांभाळत, आजोबांचा हात धरून ती लिफ्टकडे निघाली.