नव्याआधी तोडलेली लोंबी

देवराम गुरुजी गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर कळवलं. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली.

जव्हारकडे दाभोशाजवळच्या एका पाड्यावर गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवत. मी पुण्यात प्रयोगशाळेत होतो. धान्यांचे जनुकसंच अक्षर-अक्षर वाचण्याचं काम तेव्हा जगभर सुरू झालं होतं. गव्हाचा पसारा अवाढव्य, म्हणून त्यामानाने आटोपशीर असलेल्या भाताला आधी हात घातला गेला. त्या वाचनाशी आपल्या डोंगरी भाताची तुलना करायची, अशी आमची छोटीशी योजना होती. हे कळल्यावर गुरुजी स्वतः मला शोधत जव्हारला आले. "साहेब, माझ्याच शेतात या. आमचा उशिरा पिकणारा गरवा भात कुठल्याच पुस्तकात नाय!" त्यांच्या शेतातल्या एका रोपाची पानं आम्ही बर्फात घालून नेली. दुसऱ्या रोपाचे पराग लागू नयेत म्हणून पानं घेतलेल्या रोपाच्याच लोंबीवर कागदी पिशवी बांधली. ते शुद्ध बियाणं पुढे वाढवायचं होतं.

लोंबी पिकली तेव्हा मी पुन्हा गेलो. पाड्यावर अजून 'नवं' व्हायचं होतं. गावदेवाला नवा भात दाखवल्याशिवाय तिथे कुणी लोंबी तोडत नाही, आणि तो दिवस भगत ठरवतो. भगत अंथरुणाला खिळलेला. "थोडं थांबा साहेब, म्हातारा उठला की लगेच," गुरुजी म्हणाले. दाणे झडतील, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर पुण्यात बैठक होती आणि मला रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. गुरुजी शाळेत असताना मी लोंबी कापली.

संध्याकाळी माणसं अंगणात जमली. भगताचा मुलगा लहानू पुढे झाला. "कोनी तोडली?"

मी तोंड उघडायच्या आत गुरुजी म्हणाले, "मी."

"पोरांना शिकवतोस ना तू? देवाआधी तुलाच भूक लागली काय?"

कुणीतरी हसलं. गुरुजी खाली बघत राहिले. जीपपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "तुमचं नाव घेतलं असतं तर परत कोनी शेतात पाय ठेवू दिला नसता. आपला भात वाचायचा राहून गेला असता." मी मान डोलावली आणि जीपमध्ये बसलो.

त्यानंतर नव्याच्या पूजेला त्यांना बोलावणं येईनासं झालं. मला ते ठाऊक होतं. यंदा जाऊन सांगू, असं दरवर्षी ठरवत राहिलो... वाचनासाठी ती आधी नेलेली पानंच पुरली होती. गुरुजींचा भात एका तक्त्यात नुसत्या क्रमांकाने छापला गेला. योजना संपली, आणि लोंबीचे दाणे कुणी पेरलेच नाहीत. गुरुजी भेटले की विचारायचे, "उगवला का आपला भात?" मी म्हणायचो, "चालू आहे काम."

गुरुजी गेल्यावर शाळेत शोकसभा झाली. लहानू आता स्वतः भगत आहे. तो म्हणाला, "सोन्यासारखा मानूस. ती येक लोंबी सोडली तर बोट ठेवायला जागा नाय." मग मला बसवेना. उठून सांगितलं, "लोंबी मी तोडली होती. गुरुजी तेव्हा शाळेत होते."

लहानू माझ्याकडे बघतच राहिला. "आता सांगता, साहेब? तो असता तर हाताला धरून नेला असता त्याला पूजेला."

मी खाली बसलो.

नवं नुकतंच झालं होतं. गुरुजींच्या घरी सगळे जेवायला बसलो. सभेत पुढेच बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "नव्याच्या दिवसात हे जुनाच भात खायचे. नवा पचत नाय म्हणायचे. मी वेगळा काढून ठेवायची... यंदाही ठेवला." बोलत बोलत त्या सगळ्यांना नवा भात वाढत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. आत जाऊन त्या जुन्या भाताचं पातेलं घेऊन आल्या.

मी ताट पुढे केलं.